कडेला काय ठरवावे? : नळातील प्रवाहाचे सदृशीकरण आणि सीमा-अटींची निवड

साहित्याच्या अभ्यासकांपुढे नळातील पाण्याच्या गणिताविषयी लिहावयाचे, याला काही कारण सांगणे आवश्यक आहे. गेल्या उन्हाळ्यात अध्यापनाच्या निमित्ताने माझा मुक्काम झाशीत होता. नेवाळकरांच्या काळापासून येथे राहिलेल्या मराठी घराण्यांपैकी एकाच्या घरी मी भाड्याने राहत होतो. बुंदेलीच्या सहवासाने त्या घरातील मराठीला वेगळेच वळण लागलेले आहे. घरातील मुलगा अभियांत्रिकीच्या अखेरच्या वर्षाला होता आणि आपल्याच गल्लीच्या पाणीपुरवठ्याचे संगणकावर सदृशीकरण करीत होता. गल्लीच्या टोकाच्या घराला सकाळी किती पाणी मिळते, हा त्याचा प्रश्न. संगणकाने दिलेल्या उत्तरानुसार टोकाच्या घराला भरपूर पाणी मिळत होते. प्रत्यक्षात त्या घरातील बाई रोज कळशी घेऊन शेजारी येत.

"काका, गणित तर बरोबर आहे, पुन्हा पुन्हा तपासलं," तो म्हणाला. गणित खरोखरच बरोबर होते. चूक होती ती गणिताच्या कडेला. प्रस्तुत लेख त्या कडेविषयी आहे.

प्रथम परिभाषेविषयी थोडे. द्रव आणि वायू हे दोन्ही वाहतात व दोहोंना एकच नियम लागू पडतात. म्हणून मराठीत दोन्ही शब्दांचा सांधा करून 'द्रायू' ही संज्ञा घडविण्यात आली आणि त्या शास्त्रास 'द्रायुयामिकी' म्हटले गेले. हिंदीत 'तरल' हा प्रचलित शब्द वापरून काम भागविण्यात आले. एका भाषेने नवा शब्द पाडला, दुसरीने जुन्याचा अर्थ वाढविला. परिभाषेच्या या दोन वाटा तौलनिक अभ्यासकास परिचित आहेत. 'सीमा-अट' ही संज्ञा मात्र सरळ आहे. ज्या प्रदेशातील प्रवाह आपणांस जाणून घ्यावयाचा आहे त्या प्रदेशाच्या कडेवर जे विधान आपण आधीच मान्य करून चालतो, ती सीमा-अट.

अशा विधानाची गरज का पडते? प्रवाहाचे मूलभूत समीकरण फ्रेंच अभियंता नाव्हिए याने १८२२ साली मांडले आणि आयरिश गणितज्ञ स्टोक्स याने १८४५ साली त्याला आज परिचित असलेले रूप दिले. हे समीकरण द्रायूच्या प्रत्येक कणाजवळ काय घडते ते सांगते: दाबातील फरक कणाला ढकलतो, शेजारच्या थराचे घर्षण त्याला आवरते, आणि कुठेही पाणी नव्याने उत्पन्न होत नाही की नाहीसे होत नाही. परंतु हे समीकरण झाशीच्या नळाला जसे लागू आहे तसेच बेतवेच्या पुरालाही लागू आहे व धमनीतील रक्तालाही. सर्वांना लागू असणारे विधान एकट्या कोणाविषयीच काही निश्चित सांगू शकत नाही. नळ हा नळ ठरतो तो त्याच्या भिंतीमुळे आणि दोन टोकांमुळे. म्हणजे एखाद्या प्रवाहाचे वेगळेपण मुख्यतः त्याच्या सीमांवर अवलंबून असते.

फ्रेंच गणितज्ञ आदामार याने सुघटित प्रश्नाची तीन लक्षणे सांगितली. उत्तर असले पाहिजे. ते एकच असले पाहिजे. आणि दिलेल्या माहितीत अल्पसा बदल केल्यास उत्तरातही अल्पसाच बदल झाला पाहिजे. सीमेवर कमी सांगितले तर उत्तरे अनेक होतात. अधिक सांगितले तर विधाने परस्परविरोधी होऊन उत्तरच उरत नाही. म्हणून सीमा-अटींची निवड ही पुरेसे आणि तितकेच सांगण्याची कला आहे.

आता नळाच्या तीन सीमा क्रमाने पाहू.

पहिली सीमा भिंतीची. भिंतीला चिकटलेल्या पाण्याचा वेग किती? आज प्रत्येक पाठ्यपुस्तक 'शून्य' असे सांगते. परंतु ही गोष्ट स्वयंसिद्ध नव्हती. भिंतीवर पाणी काही अंशी घसरत असावे, अशी अट स्वतः नाव्हिएनेच मांडली होती. स्टोक्सचा कल शून्य वेगाकडे होता. तथापि तसे मानून त्याने लांब सरळ नळांतील विसर्गाचे गणित केले आणि बोस्यू व द्यू ब्युआ या अठराव्या शतकातील फ्रेंच प्रयोगकर्त्यांच्या आकड्यांशी ते ताडून पाहिले, तेव्हा दोहोंचा मेळ बसेना. हे त्याने १८४५ च्या निबंधात प्रांजळपणे नमूद केले आहे. अटीचाच त्याला संशय आला. वास्तविक अट निर्दोष होती. त्या नळांतील प्रवाह संक्षुब्ध होता, आणि स्टोक्सचे सूत्र शांत, थराथराने वाहणाऱ्या प्रवाहाचे होते. हा भेद स्पष्ट होण्यास ऑस्बर्न रेनल्ड्स याच्या १८८३ सालच्या मँचेस्टर येथील प्रयोगांची वाट पाहावी लागली. काचेच्या नळीत रंगाची बारीक धार सोडून त्याने दाखविले की, विशिष्ट मर्यादेपर्यंत ती धार दोऱ्यासारखी सरळ जाते आणि पुढे एकाएकी विस्कटते.

भिंतीविषयीचा निर्णायक पुरावा मात्र एका वैद्याकडून आला. पॅरिसचा प्वाझय हा रक्ताभिसरणाचा अभ्यासक. केसासारख्या बारीक काचनळ्यांतून द्रव सोडून त्याने १८४० च्या सुमारास विसर्ग मोजला. जर्मन अभियंता हागेन यानेही १८३९ साली पितळी नळ्यांवर असेच प्रयोग केले होते. निष्कर्ष असा निघाला की, दाब व लांबी तीच असता विसर्ग नळीच्या व्यासाच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात असतो. व्यास निम्मा केला तर विसर्ग सोळाव्या हिश्श्यावर येतो. आता भिंतीवर पाणी घसरत असते, तर गणितानुसार या चतुर्थ घाताला तृतीय घाताचे एक पद जोडले गेले असते, आणि नळी जितकी बारीक तितके ते पद ठळक झाले असते. अत्यंत बारीक नळ्यांतही ते दिसले नाही. भिंतीपाशी प्रत्यक्ष डोकावणे त्या काळी अशक्य होते. तिथे काय घडते याची साक्ष नळीच्या दुसऱ्या टोकाला भांड्यात साठलेल्या पाण्याने दिली. १८६० च्या सुमारास भिंतीवरील वेग शून्य मानून हाच नियम मूळ समीकरणातून निष्पन्न करण्यात आला.

अर्थात ही अटही सार्वकालिक नव्हे. अतिविरल वायू भिंतीवर घसरतो, हे मॅक्सवेलने १८७९ साली दाखविले. शिवाय जुन्या नळाच्या आतून गंज आणि क्षार यांचा थर चढतो. तेथे भिंत गुळगुळीत मानणे चुकीचे ठरते. निकुराड्झे या संशोधकाने नळ्यांना आतून वाळूचे कण चिकटवून १९३३ साली खडबडीतपणाचा परिणाम मोजला, तो याचसाठी. भिंतीवर वेग शून्य, एवढे म्हणून संक्षुब्ध प्रवाहाच्या बाबतीत भागत नाही. भिंत किती खडबडीत हेही सांगावे लागते.

दुसरी सीमा प्रवेशाची, तिसरी निर्गमाची. या दोहोंचा विचार एकत्रच करावा लागतो, कारण त्यांच्यावरील विधाने एकमेकांना बांधलेली असतात. सीमेवर दोन प्रकारची विधाने करता येतात. एखाद्या राशीचे मूल्यच सांगून टाकावयाचे, याला डिरिक्लेची अट म्हणतात. किंवा ती राशी कडेला लंब दिशेने कशी बदलते एवढेच सांगावयाचे, याला नॉयमानची अट म्हणतात. नळाच्या बाबतीत तीन जोड्या संभवतात.

एक : प्रवेशाशी वेग आणि निर्गमाशी दाब. पंप ठरावीक पाणी ढकलत असेल आणि दुसरे टोक उघड्या हवेत सुटत असेल, तर ही जोडी योग्य. प्रवेशाशी किती दाब लागेल, हे उत्तरातून कळते.

दोन : दोन्ही टोकांना दाब. उंच टाकीतून पाणी सुटत असेल तर आपणांस टाकीतील पातळी ठाऊक असते, विसर्ग ठाऊक नसतो. म्हणून दाब सांगावा आणि विसर्ग गणिताला विचारावा.

तीन : दोन्ही टोकांना वेग. ही जोडी धोक्याची आहे. पाणी दाबून लहान होत नाही. जितके आत जाते तितके बाहेर येणे भाग असते. दोन टोकांच्या आकड्यांत तीळभर तफावत असली तरी प्रश्नाला उत्तर नाही. तफावत नसली तरी दाबाचे फरक तेवढे कळतात, त्याची निरपेक्ष पातळी अनिर्णीत राहते. आणि मुख्य म्हणजे निर्गमाच्या वेगाविषयी प्रश्न विचारण्यास जागाच उरत नाही, कारण तो आपणच सांगून टाकलेला असतो.

एक उदाहरण घेऊ. १० मिलिमीटर व्यासाच्या नळीतून पाणी सरासरी सेकंदाला १० सेंटिमीटर वेगाने जात आहे. येथे रेनल्ड्स अंक सुमारे १,००० येतो. सुमारे २,००० च्या खाली प्रवाह स्तरीय राहतो, म्हणून हा प्रवाह शांत आहे. अशा नळीत दर मीटरला दाब सुमारे ३२ पास्कल, म्हणजे पाण्याच्या जेमतेम ३ मिलिमीटर उंचीच्या स्तंभाइतका घटतो. पूर्ण विकसित प्रवाहात मध्यावरील वेग सरासरीच्या दुप्पट आणि भिंतीवर शून्य असतो. वेगाचा आलेख अन्वस्ताच्या आकाराचा होतो. आता प्रवेशाशी आपण सर्वत्र एकसारखा वेग सांगितला, तर हा आकार येईपर्यंत प्रवाहाला व्यासाच्या सुमारे ६० पट, म्हणजे जवळजवळ ६० सेंटिमीटर अंतर जावे लागते. संगणकातील नळी जर ३० सेंटिमीटर लांबीची घेतली असेल, तर तिच्यात जे दिसेल तो नळीचा स्वभाव नसून आपल्या प्रवेश-अटीचा रेंगाळणारा ठसा असेल. यावर उपाय तीन आहेत: नळी पुरेशी लांब घेणे; प्रवेशालाच अन्वस्ताकार वेग देणे; अथवा एका टोकातून बाहेर पडलेला प्रवाह दुसऱ्या टोकातून पुन्हा आत येतो असे मानून आवर्ती अट लावणे आणि दाबाचा उतार स्वतंत्रपणे देणे. तिसरा उपाय सुबक आहे. पण ज्याला प्रवेशाजवळचाच प्रवाह पाहावयाचा आहे त्याला तो निरुपयोगी. प्रश्न बदलला की अट बदलते.

घरगुती पुरवठ्याच्या मोठ्या नळात बहुधा प्रवाह संक्षुब्ध असतो. १०० मिलिमीटर व्यास आणि सेकंदाला अर्धा मीटर वेग घेतल्यास रेनल्ड्स अंक ५०,००० होतो. तेथे प्रवेशाशी वेगाबरोबर संक्षोभाची तीव्रता आणि त्यातील भोवऱ्यांचा आकारही सांगावा लागतो. निर्गमाची जागा वळण किंवा झडप यांच्या लगेच पुढे ठेवू नये. तिथे भोवरे असतात, कडेतून पाणी उलटे आत येऊ पाहते आणि उलट येणाऱ्या पाण्याविषयी आपण काहीच सांगितलेले नसते. कड अशा ठिकाणी आखावी की जिथे आपले विधान खरे असण्याची वाजवी खात्री आहे.

आता त्या विद्यार्थ्याच्या गल्लीकडे वळू. त्याने मुख्य नळाच्या आरंभी टाकीची पातळी दिली होती, ते योग्यच. परंतु प्रत्येक घराच्या टोकाशी त्याने त्या घराची गरज हाच विसर्ग म्हणून दिला होता. माणशी इतके लिटर, घरात इतकी माणसे, म्हणून इतके पाणी. साहजिकच संगणकाने प्रत्येक घराला नेमके तेवढेच पाणी दिले आणि समतोल साधण्यासाठी टोकाच्या घराशी ऋण दाब दाखविला, म्हणजे तिथले पाणी जणू कोणी ओढून घेत आहे. त्या आकड्याकडे त्याचे लक्ष गेले नव्हते. जे शोधावयाचे तेच त्याने कडेवर लिहून ठेवले होते.

ही चूक एका विद्यार्थ्याची नाही. पाणीपुरवठ्याच्या जाळ्यांचे गणित दीर्घकाळ याच गृहीतावर चालत आले: मागणी पक्की, दाब काय येईल तो येवो. चोवीस तास भरलेल्या नळांच्या शहरांत हे गृहीत फारसे बाधत नाही. जिथे दाब अपुरा पडतो, तिथे ते कोसळते. या अडचणीचा मूलगामी विचार करणाऱ्यांत नागपूरचे प्रा. पी. आर. भावे अग्रणी होत. तेथील विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी महाविद्यालयात अध्यापन करीत असता त्यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे मांडले की, जाळ्याच्या प्रत्येक टोकाशी विसर्ग आणि दाब हे दोन्ही अज्ञात मानावेत व त्यांच्यातील संबंध तेवढा अट म्हणून द्यावा. आवश्यक किमान दाबापेक्षा अधिक दाब असेल तर घराला पूर्ण पाणी. कमी असेल तर मुळीच नाही. नेमका तेवढाच असेल तर अंशतः. पुढे या संबंधाची अधिक सूक्ष्म रूपे अनेकांनी सुचविली. जगभर वापरल्या जाणाऱ्या 'ईपीएनेट' या अमेरिकी संगणक-प्रणालीची पहिली आवृत्ती १९९३ ची. दाबावर अवलंबून विसर्ग काढण्याची सोय तिच्या मूळ प्रणालीत २०२० च्या आवृत्तीत आली. तुटवडा हाच जिथे नित्याचा अनुभव, तिथल्या अभ्यासकाला कडेवरील हे गृहीत आधी खटकावे, यात नवल नाही.

झाशीत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. बुंदेलखंडाचा खडक ग्रॅनाइटचा. जमिनीत पाणी फार मुरत नाही. बेतवेवरील माताटीला धरणाचे पाणी शहरापर्यंत आणले जाते. पण पुरवठा ठरावीक वेळीच होत असला की लोक आपल्या जोडणीवर छोटा विजेचा पंप बसवितात. येथे त्याला सरसकट 'टुल्लू' म्हणतात. तोटी उघड्या हवेत सुटते तेव्हा तिच्या तोंडाशी दाब हवेइतका असतो. टुल्लू लावताच तिथली अट बदलते. तोंडाशी दाब हवेपेक्षाही कमी होतो. एका घराने आपली सीमा-अट बदलली की साऱ्या गल्लीचे उत्तर बदलते आणि शेजाऱ्याच्या नळातील धार आटते. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, नळातील दाब बाहेरच्यापेक्षा कमी झाला म्हणजे सांध्यांतील फटींतून बाहेरचे पाणी, शेजारी गटार असेल तर गटाराचे पाणी, आत शिरू शकते. सदृशीकरणात तोटीशी हवेइतका दाब लिहून ठेवणाऱ्यास हा धोका कधीही दिसणार नाही. कडेवरच्या एका आकड्यात अशा रीतीने मुलांच्या आजारपणाचा प्रश्न दडलेला असतो.

त्या विद्यार्थ्याने घरोघर हिंडून टुल्लू मोजले, भावे यांच्या पद्धतीने अटी बदलल्या आणि गणित पुन्हा केले. टोकाच्या घराशी विसर्ग जवळजवळ शून्य आला. "आता उत्तर वाईट आलं," तो म्हणाला. त्याच्या आजीने स्वयंपाकघरातून उत्तर दिले, "वाईट नव्हे रे, खरं आलं."

साहित्याच्या अभ्यासकास यातून काय घेता येईल? झाशीच्याच संदर्भात एक उदाहरण सुचते. १८५८ च्या मार्च-एप्रिलमधील झाशीचा वेढा अनेक भाषांच्या साहित्यात वर्णिलेला आहे. वृंदावनलाल वर्मा यांची हिंदी कादंबरी १९४६ ची, महाश्वेता देवी यांचे बंगाली चरित्र १९५६ चे. विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' चिं. वि. वैद्य यांनी १९०७ साली प्रसिद्ध केला. गोडसे स्वतः वेढ्याच्या वेळी शहरात होते. परंतु त्यांच्या कथनाचा प्रवेश वरसईच्या कर्जबाजारी भिक्षुक घरातून होतो आणि निर्गम मायबापांना घालावयाच्या गंगास्नानाकडे. खांद्यावरच्या कावडीतून त्यांनी गंगेचे पाणी कोकणात नेले. चरित्राची किंवा ऐतिहासिक कादंबरीची दोन टोके राणीच्या आयुष्याने ठरतात. गोडसे यांच्या ग्रंथात झाशी मध्ये येते, टोकाला नाही. वेढा तोच, पण कोणत्या दोन टोकांमध्ये तो ठेवला आहे, यानुसार त्याचा अर्थ बदलतो.

हे साम्य फार ताणू नये. साहित्याला नाव्हिए–स्टोक्स समीकरण नाही, आणि कथनाच्या आतला प्रवाह कडांवरून निष्पन्न करता येत नाही. घेण्याजोगी गोष्ट पद्धतीची आहे. एखाद्या कालखंडाचा, प्रदेशाचा वा परंपरेचा अभ्यास आरंभताना आपण कुठेतरी रेषा ओढतो: अमुक सालापासून, अमुक भाषेपुरते. त्या रेषेवर आपण काय गृहीत धरले हे लिहून ठेवले, तर वाचकाला निष्कर्ष तपासता येतो. 'अमुक परंपरा बाहेरच्या प्रभावापासून मुक्त होती' असा निष्कर्ष काढणाऱ्याने आपल्या कडेवर बाहेरचा प्रवाह आधीच शून्य लिहून ठेवलेला नाही ना, हे पाहावे. तसा लिहिला असेल, तर त्या विद्यार्थ्याच्या पहिल्या गणिताप्रमाणे त्याचेही उत्तर अचूक आणि निरुपयोगी ठरेल.

सीमा-अटी निवडण्याचे नियम शेवटी दोनच वाक्यांत सांगता येतात. जे खरोखर ठाऊक आहे तेच कडेवर लिहावे. जे जाणून घ्यावयाचे आहे ते कडेवर कदापि लिहू नये. हे नियम सोपे वाटतात. परंतु ते पाळण्यासाठी गल्लीत उतरून टोकाच्या घराची तोटी पाहावी लागते.